पाटणचा मठ : तेराव्या शतकातील खानदेशात ज्योतिषशास्त्राचे अध्ययन

प्रस्तावना :

खानदेशाच्या इतिहासलेखनात फारुकी राजवट, मराठेशाही, ब्रिटिशकालीन भिल्लांचे उठाव आणि स्वातंत्र्य चळवळ या विषयांवर बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने येथील विद्यापरंपरेचा अभ्यास कमी झालेला दिसतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. आज ते पाटणादेवीचे क्षेत्र आणि गौताळा अभयारण्याचा परिसर म्हणून ओळखले जाते. याच ठिकाणी इ. स. १२०७ मध्ये भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी एक मठ अस्तित्वात होता आणि त्यास कायम उत्पन्न लावून दिलेले होते, ही गोष्ट शिलालेखाने सिद्ध आहे. येथे 'मठ' या शब्दाचा अर्थ संन्याशांचे निवासस्थान असा नसून विद्याध्ययनाचे स्थान असा घ्यावयाचा आहे.

या मठाचा उल्लेख अनेकदा भास्कराचार्यांच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणून एक-दोन वाक्यांत केला जातो, किंवा 'प्राचीन विद्यापीठ' अशा गौरवाने केला जातो. पहिल्या पद्धतीत संस्था म्हणून मठाचा विचार होत नाही आणि दुसऱ्या पद्धतीत पुराव्यापेक्षा अधिक बोलले जाते. मठात काय शिकविले जात होते, तेथे शिकण्यासाठी कोणती पात्रता अपेक्षित होती, त्याचा खर्च कोण करीत होते आणि तेथील विद्या पुढे कोणत्या वाटेने गेली, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी शिलालेखाचा आशय आणि त्यात नेमून दिलेल्या ग्रंथांची अंतर्गत रचना यांचा आधार घेतला आहे.

शिलालेख आणि त्याचा काळ :

पाटण येथील भवानीच्या मंदिरातील हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या निदर्शनास आणला. पुढे जर्मन संस्कृततज्ज्ञ कीलहॉर्न यांनी त्याचे चिकित्सक संपादन 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केले. लेखाचा बहुतांश भाग संस्कृत पद्यात असून अखेरचा व्यावहारिक भाग जुन्या मराठीत आहे. त्यामुळे शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहातही त्याला स्थान मिळाले आहे.

लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा कालनिर्देश आहे. शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव यांत एका वर्षाचा फरक पडतो. संवत्सर, तिथी आणि ग्रहण यांचा मेळ घालून अभ्यासकांनी हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा निश्चित केला आहे. ग्रहणकाळी दान देण्याची प्रथा त्या काळी सर्वत्र होती. मात्र ज्या मठात चंद्रग्रहणाचे गणित शिकविले जावयाचे, त्याचे दान चंद्रग्रहणाच्या दिवशीच व्हावे हा योग लक्षणीय आहे.

त्या वेळी देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण याचे राज्य होते आणि खानदेशाच्या या भागात निकुंभ घराणे मांडलिक म्हणून कारभार पाहत होते. निकुंभ राजा सोइदेव आणि त्याचा बंधू हेमाडिदेव यांनी मठास जमीन व इतर उत्पन्न दिल्याची नोंद शिलालेखात आहे. मठाची स्थापना करणारा चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. जळगाव जिल्ह्यातच तापी-पूर्णा संगमावर चांगदेव नावाचे क्षेत्र असून ते योगी चांगदेवांशी निगडित आहे. मठ स्थापन करणारा चांगदेव ही त्याहून भिन्न व्यक्ती होय.

चांगदेवाचे घराणे :

शिलालेखातील वंशावळ शांडिल्य गोत्रातील त्रिविक्रमापासून सुरू होते. त्याचा पुत्र भास्करभट्ट यास भोजराजाकडून 'विद्यापती' ही पदवी मिळाली होती. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्या येतात. महेश्वराचा पुत्र म्हणजे 'सिद्धांतशिरोमणी'कार भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील असून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला. 'करणकुतूहल' हा त्यांचा दुसरा ग्रंथ इ. स. ११८३ चा आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून बोलावून नेले आणि विद्वानांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव होय.

भास्कराचार्यांनी आपले वास्तव्य सह्याद्रीजवळील 'विज्जडविड' येथे असल्याचे सांगितले आहे. हे स्थान कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. पाटणे परिसर, विजापूर, बीड अशी वेगवेगळी मते मांडली गेली आहेत. तो वाद येथे सोडविण्याची आवश्यकता नाही, कारण पाटणच्या मठाचे महत्त्व भास्कराचार्यांच्या जन्मस्थानावर अवलंबून नाही. पुत्र व नातू यांच्या काळी हे घराणे पाटणशी जोडलेले होते, एवढे शिलालेखावरून स्पष्ट आहे.

या घराण्याचा आणखी एक लेख चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे आहे. शके ११४४ (इ. स. १२२२) मधील या लेखात भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याने देवीचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतातील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'वर त्याने टीका लिहिल्याचे लेखात सांगितले आहे. म्हणजे गिरणा खोऱ्याच्या एका लहानशा भागात पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच घराण्यातील दोन ज्योतिर्विदांच्या कार्याची नोंद दगडावर झाली.

मठातील अभ्यासक्रम :

शिलालेखातील शैक्षणिक महत्त्वाचा भाग म्हणजे मठात कोणते ग्रंथ शिकवावेत याविषयीचा स्पष्ट निर्देश. 'सिद्धांतशिरोमणी' आदी भास्कराचार्यांचे ग्रंथ, तसेच त्यांच्या घराण्यातील इतरांचे ग्रंथ यांचे व्याख्यान या मठात नियमाने व्हावे, असे लेखात म्हटले आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर संस्थेच्या स्थापनापत्रातच अभ्यासक्रम नेमून दिलेला आहे.

'सिद्धांतशिरोमणी'ची रचना पाहिली असता अध्ययनाचा क्रम लक्षात येतो. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. 'लीलावती'त परिमाणांच्या परिभाषेपासून त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळ, शंकूची छाया, कुट्टक आणि अंकपाश असे विषय येतात. 'बीजगणिता'त अव्यक्त राशींची समीकरणे आणि चक्रवाल पद्धती आहे. ग्रहगणितात मध्यम व स्पष्ट ग्रह, दिशा-देश-काल यांचे त्रिप्रश्न, चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, ग्रहांचे उदयास्त, चंद्राची शृंगोन्नती आणि ग्रहयुती यांचे गणित आहे. गोलाध्यायात या गणितामागील उपपत्ती सांगितली आहे.

विद्यार्थ्याची पात्रताही भास्कराचार्यांनी गोलाध्यायाच्या आरंभी सांगून ठेवली आहे. व्यक्त व अव्यक्त असे दोन्ही प्रकारचे गणित ज्याने आत्मसात केले आहे आणि जो व्याकरणशास्त्रात निपुण आहे, तोच हे शास्त्र शिकण्याचा अधिकारी. इतर केवळ नावाचे ज्योतिषी होत, असा त्यांचा अभिप्राय आहे. भाषा आणि गणित यांची भक्कम तयारी झाल्यावरच आकाशाकडे वळावे, ही त्यामागील दृष्टी आहे. त्याच ठिकाणी गोलाचे ज्ञान नसलेल्या गणकाची तुलना त्यांनी तुपावाचून जेवण, राजावाचून राज्य आणि चांगल्या वक्त्यावाचून सभा यांच्याशी केली आहे. सूत्रे पाठ करून पंचांग मांडता येईल, परंतु सूत्र तसे का आहे हे कळल्यावाचून विद्या पूर्ण होत नाही, असा याचा अर्थ होतो.

उपपत्तीवरील हा भर भुवनकोश प्रकरणात दिसून येतो. पृथ्वीला आधार आहे असे मानले तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा असे मानीत जावे लागेल. शेवटी कोठेतरी स्वशक्तीने स्थिर राहणे मान्य करावयाचे असेल तर ते पृथ्वीच्याच बाबतीत का मानू नये, असा युक्तिवाद तेथे आहे. परिघाचा अगदी लहान भाग सरळ भासतो म्हणून पृथ्वी सपाट दिसते, हेही स्पष्ट केले आहे. अशा प्रकरणाचे व्याख्यान म्हणजे पाठांतराबरोबरच तर्काचे शिक्षण होते.

यंत्राध्यायात गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य व फलक या यंत्रांचे वर्णन असून शेवटी 'धीयंत्र', म्हणजे बुद्धी, हे श्रेष्ठ यंत्र मानले आहे. यांपैकी शंकू हे सर्वांत साधे साधन. बारा अंगुळे उंचीची काठी सपाट जमिनीवर उभी करून विषुवदिनी मध्यान्हीची छाया मोजली की त्या स्थळाची पलभा मिळते आणि पलभेवरून अक्षांश काढता येतो. चाळीसगाव परिसराचा अक्षांश सुमारे २०.४ अंश आहे. त्या हिशेबाने तेथील पलभा सुमारे साडेचार अंगुळे येते. हा प्रयोग आजही २१ मार्चच्या सुमारास कोणत्याही महाविद्यालयाच्या पटांगणात करून पाहता येण्यासारखा आहे.

मठाचे अर्थकारण :

मठास जमिनीखेरीज कोणते उत्पन्न होते, याचा तपशील शिलालेखातील मराठी भागात आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला जे उत्पन्न मिळत असे ते मठास देण्यात आले. विक्रेत्यांकडून ब्राह्मणांना मिळणारा हिस्सा ब्राह्मणांनी दिला. नगरानेही आपल्या वतीने हिस्सा लावून दिला. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या, पहिल्या घाण्याचे लोटीभर तेल आणि चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल अशा बारीक बाबीही नोंदविल्या आहेत. याशिवाय बाजारात मोजणी मठाच्या मापाने व्हावी आणि मोजणीच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मठाने, अर्धा मापाऱ्याने घ्यावा, असे ठरविण्यात आले.

या तपशिलावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, मठाचा आधार केवळ राजाचे औदार्य हा नव्हता. राजसत्ता, ब्राह्मणवर्ग आणि नगर या तिघांनी मिळून त्याचा भार उचलला होता. दुसरी, हे उत्पन्न एकदाच मिळणाऱ्या देणगीच्या स्वरूपाचे नसून बाजार चालू असेपर्यंत मिळत राहणारे होते. तिसरी, वंशस्तुती आणि दानाची घोषणा संस्कृतात असताना कर कोणी व किती द्यावयाचा हे मात्र मराठीत कोरले गेले. ज्यांना तो द्यावयाचा होता त्या तेली, व्यापारी व ग्राहकांना तो समजावा, हा त्यामागील हेतू असावा.

विद्यार्थी कोण होते? :

शिलालेखात विद्यार्थ्यांची संख्या, त्यांची जात किंवा अध्ययनाचा कालावधी यांचा उल्लेख नाही. तत्कालीन संस्कृत शास्त्राध्ययनाची परंपरा पाहता ते प्रामुख्याने ब्राह्मण पुरुषांपुरते मर्यादित असले पाहिजे, असे अनुमान करावे लागते. मठातील दिव्याला तेल पुरविणाऱ्या तेल्याच्या मुलास त्या दिव्याच्या उजेडात 'लीलावती' शिकता येत नव्हती. मठाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या समाजाच्या श्रमातून मठ चालला त्याच्या मोठ्या भागास तेथील विद्या उपलब्ध नव्हती.

अध्ययनाचा हेतूही एकसारखा नव्हता. 'ज्योतिष' या शब्दात सिद्धांत, संहिता आणि होरा हे तीन स्कंध येतात. चांगदेवाचा मठ प्रामुख्याने सिद्धांताचा, म्हणजे आज ज्यास खगोलशास्त्र म्हणतात त्याचा होता. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्याची उपजीविका बहुधा पंचांग, मुहूर्त आणि जातक यांवरच चालत असणार. अनंतदेवाने एकीकडे ब्रह्मगुप्तावर आणि दुसरीकडे 'बृहज्जातका'वर लिहिले, यातून हे दुहेरी स्वरूप दिसून येते.

समकालीन संस्थांशी तुलना :

पाटणच्या मठाचे वेगळेपण इतर संस्थांशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. विजापूर जिल्ह्यातील साळोटगी येथे इ. स. ९४५ च्या राष्ट्रकूटकालीन लेखात विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय असलेल्या शाळेची आणि लग्न-मुंजीसारख्या प्रसंगी गावकऱ्यांनी द्यावयाच्या वर्गणीची नोंद आहे. तमिळनाडूतील एण्णायिरम येथे राजेंद्र चोळाच्या काळी ३४० विद्यार्थ्यांची सोय असल्याचे शिलालेख सांगतो. तेथे वेद, व्याकरण, मीमांसा व वेदांत यांवर भर होता. विद्यार्थिसंख्येचा पुरावा पाहता पाटणचा मठ या मालिकेत मोठा ठरत नाही. गणित आणि ज्योतिष यांसाठी, तेही विशिष्ट ग्रंथ नेमून, काढलेली संस्था म्हणून मात्र तो उठून दिसतो.

याच सुमारास युरोपात पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील विद्यापीठे आकार घेत होती. पॅरिस विद्यापीठाचे नियम १२१५ मध्ये घालून देण्यात आले. तेथील कला शाखेच्या पारंपरिक सात विद्यांमध्ये व्याकरण, तर्क व वक्तृत्व यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल यांचा समावेश होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात साक्रोबोस्को याने लिहिलेले गोलविषयक लहानसे पाठ्यपुस्तक पुढे कित्येक शतके तेथे शिकविले गेले. भाषा व गणित यांच्या पायावर खगोल शिकविण्याची कल्पना दोन्हीकडे होती आणि नेमलेल्या ग्रंथाचे व्याख्यान ही पद्धतीही समान होती. फरक संस्थेच्या घडणीत होता. युरोपातील विद्यापीठे ही अध्यापक-विद्यार्थ्यांचे संघ होती आणि तेथे अनेक परंपरांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाद होत. पाटणचा मठ एका घराण्याच्या ग्रंथांभोवती उभा राहिला होता.

मठानंतरची परंपरा :

मठाची ही घडण त्याचे बळ होती तशीच मर्यादाही. आजोबांचे ग्रंथ शुद्ध स्वरूपात टिकावेत, त्यांचे व्याख्यान खंडित होऊ नये, या हेतूने चांगदेवाने संस्था काढली. तो हेतू रक्षणाचा होता. नवी निरीक्षणे करून ग्रहांचे अंक सुधारणे हे काम लेखात मठाकडे सोपविलेले नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढील दोन दशकांत यादवांची सत्ता संपुष्टात आली. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने मठाचे उत्पन्न ठरले होते तीच राहिली नाही.

ग्रंथ मात्र टिकले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये 'ग्रहलाघव' लिहून पंचांगगणित सोपे केले आणि पुढे 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका रचली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. भास्कराचार्यांची विद्या टीकाकारांच्या घराण्यांतून आणि हस्तलिखितांच्या प्रतींतून पुढे गेली. तिचा प्रसार झाला. परंतु खानदेशातील ज्या बाजाराने तिला एकेकाळी पोसले होते तेथे तिचे शिक्षण संस्थेच्या रूपाने चालू राहिले नाही.

आधुनिक खानदेश :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा खानदेशाशी पुन्हा संबंध आला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांच्यामुळे. मूळचे दापोलीजवळील मुरूडचे दीक्षित शिक्षण खात्यातील नोकरीत काही काळ धुळे येथील ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही प्रकाशित झाला. दीक्षितांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच होते. परंतु त्यांनी परंपरेतील ग्रंथांचा कालक्रम तपासला, त्यांतील गणित पडताळून पाहिले आणि हे सर्व मराठीत मांडले. चांगदेवाच्या मठातील व्याख्यान संस्कृत जाणणाऱ्यांसाठी होते. दीक्षितांचा ग्रंथ मराठी वाचणाऱ्या कोणासाठीही होता.

उच्च शिक्षणाच्या संस्था खानदेशात त्यानंतर उभ्या राहिल्या. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४० च्या दशकात सुरू झाले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये झाली. २०१८ मध्ये या विद्यापीठास आसोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा शेतकरी स्त्रीचे नाव या प्रदेशातील विद्यापीठास असणे, हा पाटणच्या मठापासून आजपर्यंतच्या प्रवासातील मोठा बदल आहे. पुण्यात १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या आयुका या संस्थेमुळे विद्यापीठे व महाविद्यालयांतील अध्यापक-विद्यार्थ्यांनाही या विषयातील संशोधनाचे दार खुले झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बहुविद्याशाखीय शिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यास यांना महत्त्व आले आहे. अशा वेळी पाटणच्या मठाचे नाव वारंवार घेतले जाणे स्वाभाविक आहे. ते केवळ अभिमानापुरते घेतले तर भास्कराचार्यांच्याच कसोटीवर ते 'नावाचे' ज्योतिष ठरेल. 'लीलावती'तील उदाहरणे सोडविणे, शंकूच्या छायेवरून आपल्या गावाचा अक्षांश काढणे, शिलालेखातील मराठीचा भाषिक व आर्थिक अभ्यास करणे अशी कामे पदवीच्या वर्गात गणित, भौतिकशास्त्र, भूगोल, इतिहास, संस्कृत आणि मराठी या विभागांना एकत्र येऊन करता येतील.

निष्कर्ष :

१. पाटणचा मठ ही गणित व ज्योतिष यांच्या अध्यापनासाठी नेमलेला अभ्यासक्रम आणि निश्चित उत्पन्न असलेली संस्था होती. त्यास विद्यापीठ म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. तथापि त्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

२. भाषा आणि गणित यांची तयारी, नंतर ग्रहगणित आणि अखेरीस उपपत्तीसह गोलज्ञान, असा अध्ययनक्रम नेमलेल्या ग्रंथांतून स्पष्ट होतो.

३. मठाचा खर्च राजा, ब्राह्मण आणि नगर या सर्वांनी मिळून केला व तो बाजारातील दैनंदिन व्यवहाराशी जोडला गेला. मात्र हा भार उचलणाऱ्या सर्वांना तेथील शिक्षण खुले नव्हते.

४. मठाने एका घराण्याची विद्या जपण्याचे कार्य स्वीकारले. ती विद्या टिकली आणि दूरवर गेली, परंतु आश्रय संपल्यावर खानदेशात तिची संस्था उरली नाही. ग्रंथ जपण्याबरोबर तो तपासणारी आणि सर्वांना शिकविणारी व्यवस्था असल्याशिवाय विद्या एका ठिकाणी रुजत नाही, हे पाटणच्या मठाच्या इतिहासावरून दिसून येते. आठशे वर्षांपूर्वी घाण्यामागे पळीभर तेल देऊन ज्यांनी हा मठ चालविला, त्यांच्या वंशजांपर्यंत ती विद्या पोहोचविण्याचे काम आता खानदेशातील महाविद्यालयांकडे आले आहे.